म्हणण्यापुरती जागा

पँटची जुनी चेन उसवता उसवता काकूंचे हात थांबले. आतल्या खोलीत मिस्त्री बोलत होते.

कात्रीचं टोक दोऱ्यात तसंच अडकून राहिलं. काकूंनी मशीनवरचा पाय काढला आणि कान टवकारले. आवाज मिस्त्रींचाच होता. घोगरा, अडखळत आलेला, बरेच दिवस बंद असलेल्या नळातून आधी फुरफुर हवा यावी आणि मग पाणी यावं तसा. पण त्यांचाच. ज्या आवाजाच्या तालावर अख्खा संसार झाला तो आवाज बायको विसरते थोडीच! अर्धांगाचा झटका आल्यापासून तो गेला होता तो गेलाच होता. ओठ हलायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि बाहेर पडायचं ते नुसतं ‘अं... अं...’ मग मिस्त्री डोळे मिटून घ्यायचे. ते मिटलेले डोळे बघणं काकूंना सगळ्यात जड जायचं.

आणि आज ते चक्क अख्खं वाक्य बोलत होते. फक्त त्यातलं एक अक्षर काकूंना कळत असेल तर शपथ.

मांडीवरची पँट बाजूला सारून त्या आत गेल्या. लेक नुकतीच ड्यूटीवरून आली होती. हॉस्पिटलचे पांढरे बूटसुद्धा पायातच होते. ती बापाच्या उशाशी स्टूल ओढून बसली होती आणि उशीवर तिचा जुना फोन ठेवलेला होता.

“आई, हलू नकोस,” ती कुजबुजली. “ऐक फक्त.”

फोनमधली बाई काहीतरी म्हणाली. परदेशी बाई, स्वच्छ आवाजाची, घाई नसलेली. म्हणाली आणि गप्प झाली. त्या गप्प झालेल्या वेळात मिस्त्रींचा अर्धा वाकडा ओठ हलला आणि बाईचं वाक्य जसंच्या तसं त्यांच्या तोंडून बाहेर आलं. बाईनं पुन्हा म्हटलं. मिस्त्रींनी पुन्हा म्हटलं.

“काय म्हणतायत गं?”

“‘कुठं दुखतंय?’ तिकडच्या भाषेत. माझ्या अभ्यासातलं वाक्य आहे.”

“कुणाला विचारतायत?”

“कुणाला नाही गं. बाईच्या मागून म्हणतायत नुसतं.”

काकू दाराच्या चौकटीला टेकल्या. जीभ मात्र शाबूत होती. “म्हणजे आपली भाषा येत नाही आणि साता समुद्रापलीकडची येते. मग इतके दिवस आपण उगाचच घसाफोड केली म्हणायची.”

लेक हसली आणि हसता हसता तिनं डोळ्यांना हाताची पालथी बाजू लावली. मिस्त्रींच्या तोंडाचा चांगला अर्धा भागही हसला.

प्रकार साधाच होता. लेकीच्या फोनमध्ये परक्या भाषेचं ऐकणं पक्कं करायचं एक ॲप होतं. धडा त्यात टाकला की ते बोलणाऱ्याच्या श्वासाश्वासावर त्याचे तुकडे पाडायचं. तुकड्यावर बोट ठेवलं की तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा वाजायचं. कासवाचं चित्र दाबलं की वाक्य सावकाश चालायचं. आणि दर वेळी वाक्य संपलं की ॲप तेवढ्याच लांबीची शांत जागा सोडायचं, ऐकणाऱ्याला म्हणता यावं म्हणून. काकूंना यात काही नवल वाटलं नाही. टीप पक्की करायची तर मशीन त्याच जागी मागेपुढे फिरवावंच लागतं. कापडाला जे लागतं ते कानाला का लागू नये?

लेकीचा हा अभ्यास झटक्याच्या आधीपासूनचा. परदेशातल्या एका हॉस्पिटलला नर्स हव्या होत्या, पण तिथल्या पेशंटचं बोलणं कानानं उचलता यायला हवं, त्याची परीक्षा होती. एका संध्याकाळी तिनं बापाला विचारलं होतं, “बाबा, जाऊ का?” मिस्त्री पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काम करून आलेले, नखांत ग्रीस, हात साबणानं घासत होते. त्यांनी हात घासायचे थांबवले नाहीत. “रविवारी बोलू,” म्हणाले.

रविवार उजाडायच्या आत ते पंपहाऊसमध्ये जमिनीवर पडलेले सापडले.

तेव्हापासून ते उत्तर त्यांच्या तोंडात अडकून पडलं होतं. हो होतं की नाही होतं, कुणाला ठाऊक? लेकीनं मात्र मनाशी गाठ मारून ठेवली होती. “बाबा सांगतील तेव्हा बघू,” ती म्हणायची. बाबा सांगणार कसे, हे विचारायची सोय नव्हती.

* * *

मिस्त्रींचा जुना जोडीदार म्हणजे व्हॉल्व्हवाला. वस्तीवस्तीतले पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणं-मिटणं हे त्याचं काम, म्हणून नावही तेच पडलेलं. तो ड्यूटीवरून जाता जाता डोकवायचा. त्या दिवशी तो खाटेजवळ येऊन “काय मिस्त्री, कसं काय?” म्हणाला आणि मिस्त्रींनी छाती भरून त्याला परक्या भाषेत विचारलं, कुठं दुखतंय.

व्हॉल्व्हवाला दोन पावलं मागे सरला. “आयला! वहिनी, हे तर फॉरेनचे साहेब झाले. आता यांना सलाम ठोकायचा की काय?”

काकूंनी चहा पुढे करत सगळं सांगितलं. समोरून शब्द आला तर मागून म्हणता येतो, पण स्वतःहून काढायला गेलं की सापडत नाही. डॉक्टर म्हणतात, काहींचं असं होतं.

व्हॉल्व्हवाल्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि मान डोलावली. “हवा धरलीय. दुसरं काही नाही.”

“कशानं?”

“पंप हो, वहिनी. पंपानं हवा धरली की मोटर नुसती गरगरते, पाणी येत नाही. मग आपण काय करतो? वरून बादलीभर पाणी आत ओततो. ते पाणी कुठलंही चालतं. एकदा पोट भरलं की पंप आपलं पाणी आपण ओढायला लागतो. काय मिस्त्री, बरोबर ना?”

मिस्त्रींनी डावा हात उचलून खाटेवर थाप मारली. झटक्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या दुखण्याबद्दल त्यांना समजेल असं बोललं होतं.

“म्हणजे आपल्या भाषेचं ओतलं तर?” लेक हळूच म्हणाली. मग तिनं फोन उचलला. त्या ॲपमध्ये कुणाचाही आवाज भरता येत होता.

भरायचं काम काकूंकडे आलं आणि जुना फोन घरीच राहू लागला. बाहेरच्या खोलीतल्या काकूंच्या दुकानाच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला पडदा लावलेला होता. दुपारी वर्दळ नसताना काकू त्या पडद्याआड शिरल्या, फोन तोंडाशी धरला आणि तिथल्या आरशातल्या स्वतःकडे बघत ठणठणीत आवाजात बोलल्या. “पाणी प्या. औषध घ्या. पाय सरळ करा. आता झोपा बघू.”

संध्याकाळी लेकीनं फोन उशीवर ठेवला. काकूंचा आवाज म्हणाला, “औषध घ्या.” जागा सुटली. मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “औषध घ्या.”

“अहो, मी नाही, तुम्ही,” काकू म्हणाल्या.

“आता झोपा बघू,” मिस्त्री म्हणाले.

लेक पोट धरून हसली. “आई, तू तुझी वाक्यं भरलीस. ते तेच परत करणार. त्यांनी काय म्हणायचं ते भरायला हवं ना.”

काकू पदर तोंडाशी धरून हसत होत्या, पण आत कुठंतरी काहीतरी हललं होतं. नवरा त्यांना औषध घ्या म्हणाला होता. अहो-जाहो करून. भाड्यानं आणलेलं का असेना. उभ्या जन्मात कुणी त्यांना झोपा बघू म्हटलेलं त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पडद्याआड गेल्या. आता मिस्त्री होऊन बोलायचं होतं. सोपं वाटलं होतं, पण तोंड उघडेना. हा माणूस घरात नेमकं काय बोलायचा? त्यांनी आठवून आठवून काढलं. “पाणी दे. दिवा मालव. उशी वर कर. चहा गार झाला.” मग थोडं थांबून भरलं, “किती वेळ ते मशीन बडवतेस? ऊठ आता.” एवढ्यावर गाडी अडली. बाकी जे काही होतं ते मिस्त्री कधी शब्दांत आणत नसत. लेक आजारी पडली की सायकल काढून डॉक्टरला घेऊन येत, पण तोंडानं चकार शब्द नाही. तसलं ॲपमध्ये भरायचं तरी कसं?

मिस्त्री ती वाक्यं मन लावून म्हणत. ‘चहा गार झाला’ हे तर त्यांचं विशेष आवडतं. चहा वाफाळता असला तरी म्हणत. काकू फणकारायच्या, “भरलं मीच, आता ऐकते मीच.” आणि एका सकाळी फोन चार्जिंगला लावलेला असताना, कुणीही काही न म्हणता, खोलीतून आवाज आला, “पाणी दे.”

काकूंच्या हातून बॉबिन निसटली आणि दोरा सोडत लांबवर गडगडत गेली. ती उचलायच्या आधी त्या पाणी घेऊन आत गेल्या. पंपानं एक घोट आपला आपण ओढला होता.

* * *

लेक परीक्षा पास झाली. ही बातमी तिनं बूट काढता काढता सांगितली, दूधवाला उशिरा आला असं सांगावं त्या सुरात. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. “पण मी कळवून टाकणार आहे,” ती म्हणाली. “नाही जमणार म्हणून.”

“का?”

“बाबांनी अजून सांगितलं नाहीये.”

“अगं, ते कसे...”

“आई, रविवारी बोलू म्हणाले होते. तो रविवार आला नाही अजून माझा.” तिनं बूट कोपऱ्यात ठेवले, शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून. “त्यांच्या तोंडून ‘नको’ आलं असतं तर मी भांडले असते. ‘जा’ आलं असतं तर उडत गेले असते. पण काहीच न ऐकता कशी जाऊ?”

काकूंना त्या दिवशी एकही चेन सरळ बसवता आली नाही. एकीकडे पाय मशीन चालवत होते, दुसरीकडे डोकं. लेक जावी असं त्यांना वाटत होतं. तिच्याशिवाय घर खायला उठेल हेही कळत होतं. पण पोरीनं मान मोडून अभ्यास केला, बसमध्ये, आंघोळीच्या वेळी, पेशंटला सलाइन लावता लावता त्या परक्या बाईच्या मागून बोलली, ते काय पाण्यात घालायला? एका शब्दाचा तर प्रश्न होता. आणि मिस्त्रींच्या तोंडात शब्द कसा ठेवायचा हे आता घरात त्यांच्याइतकं कुणाला येत होतं?

लेक ड्यूटीवर गेली तशा काकू पडद्याआड गेल्या. आरशाकडे त्यांनी पाठ केली. फोन तोंडाशी धरला. लेकीला मिस्त्री ‘वायसर’ म्हणायचे, नळातली ती रबरी चकती. लहानपणी ती सारखी मधे मधे असायची, तेव्हा कुणी हटकलं की ते म्हणायचे, असू दे, वायसर आहे माझं, दिसतं एवढंसं, पण काढलं की सगळं गळायला लागतं. काकू सावकाश बोलल्या.

“जा. तू जा, वायसर.”

मग त्या आत गेल्या आणि वाक्यावर बोट ठेवलं.

फोन बोलला. जागा सुटली. मिस्त्री काही बोलले नाहीत.

फोन पुन्हा बोलला. पुन्हा जागा सुटली. मिस्त्री काकूंकडे बघत होते. काकूंना वाटलं, शब्द भरभर जातात. त्यांनी कासव दाबलं. आता त्यांचाच आवाज लांबट, रबरासारखा ताणलेला येऊ लागला. जा. तू जा, वायसर. त्यामागची शांत जागाही ताणून लांब झाली. मिस्त्रींचे ओठ मिटलेले होते. औषध घ्या म्हणणारा, चहा गार झाला म्हणणारा, परक्या बाईच्या मागून खाटेवर पडल्या पडल्या अख्खा धडा म्हणणारा हा माणूस ते एवढंसं वाक्य म्हणायला तयार नव्हता.

“म्हणा ना हो,” काकू म्हणाल्या. “पोरीचं भलं होईल. एकदाच म्हणा. मनात काही का असेना.”

मिस्त्रींनी डावा हात उचलला आणि फोनवर पालथा ठेवला. आवाज तळव्याखाली दबला. पण डोळे मिटून घेतले नाहीत. उघड्या डोळ्यांनी ते काकूंकडे बघत राहिले, आणि त्या नजरेखाली काकूंना भलतंच काहीतरी आठवलं.

खूप वर्षांपूर्वी बाजारातल्या मोठ्या कापड दुकानाचा मालक घरी आला होता. काकूंच्या हातचं काम त्यानं कुठंतरी बघितलं होतं. अल्टरेशनचं सगळं खातं तुमच्या हाती देतो म्हणाला. काकू मशीनवर होत्या. मिस्त्री दारात उभे होते. काकूंनी सुई वर घ्यायच्या आत मिस्त्री म्हणाले, “ती नाही यायची.” मालक गेला. काकूंनी टीप पूर्ण केली. कदाचित त्यांनी स्वतःही नाहीच म्हटलं असतं. लेक लहान होती, घर लांब पडलं असतं. पण ते ‘नाही’ त्यांचं झालं असतं.

फोन तळव्याखाली बोलतच होता. काकूंनी तो हळूच ओढून घेतला आणि बंद केला.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

मिस्त्री बराच वेळ शब्द शोधत राहिले. ओठ हलले, शिरा ताणल्या. शेवटी जे हाताशी होतं तेच त्यांनी पुढे केलं. “पाणी दे.”

पेला भरलेलाच होता. काकूंनी तरी नवीन पाणी आणलं. ते वाक्य त्यांनी त्याच बैठकीत पुसून टाकलं आणि लेकीजवळ अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी लेक आल्यावर मात्र त्यांनी मशीन थांबवलं. “इकडे बस. बाबांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. मी आता अंदाजही करणार नाही. माझं सांगते. जा.”

लेक बघतच राहिली. आई घरात स्वतःचं म्हणून काही सांगते हे तिच्याही अंगवळणी नव्हतं. “तुला एकटीला झेपेल?”

“चेनी बसवता बसवता झेपेल. नाही झेपलं तर व्हॉल्व्हवाले आहेत, त्यांना तरी चहाशिवाय काय काम असतं? आणि नाहीच झेपलं तर तुला सांगेन. तोंड आहे मला.”

“आणि बाबा?”

“बाबांचं उत्तर बाबांजवळ असू दे.”

* * *

निघायच्या दिवशी सकाळी व्हॉल्व्हवाला बॅग उचलायला आला. जुना फोन लेकीनं घरीच ठेवला होता, बाबांच्या वाक्यांसाठी. तो कपाटावर बंद पडून होता. बॅगेची चेन काकूंनी स्वतः नवीन बसवली होती, दुहेरी टीप मारून, जगबुडी झाली तरी निघायची नाही अशी.

लेक बापाजवळ बसली. त्यांचा डावा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. व्हॉल्व्हवाला दारात बॅग धरून उभा, काकू खिडकीशी. सगळेच थांबले होते. बस चुकेल असं कुणी म्हणत नव्हतं.

मिस्त्रींचा ओठ हलला. मानेची शीर ताठ झाली, सैल पडली, पुन्हा ताठ झाली. काकूंच्या मनात सगळी वाक्यं एकदम गर्दी करून उभी राहिली, पण त्यांनी एकही पुढे केलं नाही.

आणि मिस्त्री बोलले. परक्या भाषेत. बाईच्या मागून म्हटलेलं ते अगदी पहिलं वाक्य, कुठं दुखतंय. आता मात्र पुढे म्हणायला कुणी नव्हतं.

लेकीचा चेहरा क्षणभर हलला. ती नर्स होती. यात अर्थ असेल, नाहीतर नुसती जिभेला पडलेली सवय असेल, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. ती खाली वाकली आणि धड्यात पेशंट जे उत्तर देतो ते तिनं त्याच भाषेत दिलं.

“काय म्हणाले मिस्त्री?” दारातून व्हॉल्व्हवाल्यानं विचारलं.

“जा म्हणाले,” लेक म्हणाली. उठली, बापाच्या कपाळावरचे केस मागे सारले. “जा म्हणाले, काका.”

“म्हटलं नव्हतं? पंप चालू होणारच,” व्हॉल्व्हवाला म्हणाला आणि त्यानं बॅग खांद्यावर घेतली.

काकू खिडकीशीच उभ्या होत्या. तो धडा त्यांच्या मशीनच्या खडखडाटातूनही रोज कानावर पडून पडून त्यांना पाठ झाला होता. काय विचारलं गेलं ते त्यांना कळलं होतं. पोरीनं काय उत्तर दिलं तेही कळलं होतं. ‘फार नाही, सहन होतं.’ त्यांनी पुढे होऊन लेकीच्या कॉलरची घडी नीट केली. “पोचलीस की कळव,” म्हणाल्या, आणि कॉलर सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

जिन्यावर बॅगेची चाकं वाजली, मग रस्त्यावर, मग नाही.

काकू दुकानात आल्या. मशीनवर एक पँट वाट बघत पडली होती. त्यांनी कात्री घेतली आणि जुनी चेन उसवायला लागल्या. एक बाजू निघाली. दुसरी बाजू अर्धी निघाली.

आतल्या खोलीत मिस्त्री बोलले.

“जा.”

काकूंचे हात थांबले. आत शांतता होती. फोन कपाटावर होता, बंद. त्यांनी स्वतः बघितला होता.

“जा,” पुन्हा आवाज आला. मग तेवढीच शांत जागा. मग, शिरा ताणून, कुठून कुठून गोळा करून आणल्यासारखं, “जा... वाय... सर.”

आणि पुन्हा जागा.

उठून आत जावं असं काकूंना वाटलं. रस्त्यावर धावत जाऊन पोरीला थांबवावं, ऐक म्हणावं, असंही वाटलं. पण तिला सांगायचं असं त्यात काही उरलं नव्हतं. तिनं ते आधीच ऐकलं होतं. काकू जागच्या जागी बसून राहिल्या. पाय चुकून पट्टीवर पडून मशीन वाजू नये म्हणून त्यांनी त्याचं चाक हातानं घट्ट धरून ठेवलं, आणि आत मिस्त्री थांबून थांबून, म्हणण्यापुरती जागा सोडत, आपलं वाक्य पक्कं करत राहिले.